एमिनंट नागुबाई

गेल्या महिन्यात बेळगावात एका गृहस्थांच्या साठीचा सत्कार झाला. बोलावणं आलं म्हणून मीही गेलो होतो. अध्यक्षांनी इंग्रजीत भाषण ठोकलं आणि तासाभरात त्या गृहस्थांना अकरा वेळा 'एमिनंट' म्हटलं. मी मोजत होतो. गृहस्थ भले आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांनी नक्की काय केलं हे अध्यक्षांनी एकदाही सांगितलं नाही. बाराव्यांदा तो शब्द येणार अशी चिन्हं दिसताच मी उठलो, चपला शोधल्या आणि घर गाठलं. बायको म्हणाली, "निदान पेढा तरी घेऊन यायचा."

मला राग लवकर येतो हे खरं आहे. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला तो यायचाच. पण या एका शब्दावरून येणारा राग निराळा आहे. मी स्वतः त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर आयुष्यात फक्त तीन माणसांच्या नावाआधी 'एमिनंट' लिहिलं, आणि त्यातल्या एका नावापाशी माझा हात अडला होता. ती माझी लाज आहे. आता सत्तेचाळीस साल उजाडलंय, मी पेन्शनीत निघालोय, तेव्हा ही गोष्ट लिहून मोकळं व्हावं म्हणतो. ज्या नावापाशी हात अडला ते नाव नागुबाईचं. ती बेळगुंदीची सुईण.

१९१३ साली मी बेळगुंदीच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. घर शहापुरात, वडील कोर्टात कारकून. इंग्रजी पाचवीत पहिला आलो म्हणून मला एक डिक्शनरी बक्षीस मिळाली होती. ती जाडजूड डिक्शनरी काखेत मारून मी त्या खेड्यात शिरलो आणि पहिले सहा महिने गावातल्या प्रत्येक माणसाला अडाणी समजत राहिलो. शाळा भरायची रवळनाथाच्या देवळाच्या ओवरीत. देवाला नारळ फोडायला कोणी आलं की गणित थांबायचं. अठ्ठावीस मुलगे होते आणि चार मुली. त्या चार मुलींमधली एक नागुबाईची नात, मालू. पोर आठ वर्षांची आणि आईविना वाढलेली.

त्या वेळी बेळगावात 'एमिनंट' या शब्दाची साथच आली होती म्हणा ना. लग्नपत्रिकेत मुलीचा बाप एमिनंट वकील असायचा. कॅम्पात गोऱ्या शिपायांच्या विजारी शिवणाऱ्या एका शिंप्यानं पाटी रंगवली होती, तिच्यावर तो एमिनंट टेलर होता. मीसुद्धा काकांना पत्र लिहिताना मायन्यात तो शब्द घालायचो, कारण काका मामलेदार कचेरीत होते. शब्दाचा अर्थ मला 'मोठा माणूस' एवढाच वाटायचा, आणि मोठा माणूस कोण हे ठरलेलंच होतं. ज्याला बसायला खुर्ची मिळते तो.

फाल्गुनात लोकल बोर्डाचा कागद आला. सरळ हिशेब होता. आमचं गाव आणि ओढ्यापलीकडचं गाव, या दोघांत मिळून एकच पक्की शाळा बांधायची आणि दुसरी बंद करायची. ज्या गावाला इमारत हवी असेल त्यानं पंधरा दिवसांत इंग्रजीत अर्ज करावा, आणि अर्जाखाली गावातल्या तीन 'एमिनंट' रहिवाशांच्या सह्या असाव्यात. शाळा पलीकडे गेली तर काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता. मृगानंतर तीन महिने तो ओढा उभ्या माणसाला वाहून नेतो. पोरं घरी बसली असती, आणि मुलींची नावं तर त्याच दिवशी कमी झाली असती.

संध्याकाळी मी चावडीवर कागद वाचून दाखवला. लोकांनी विचारलं, "म्हंजे सह्या कुणाच्या पायजेत?" आणि मी, पाचवीत पहिला आलेला, ऐटीत म्हणालो, "गावच्या तीन मानकऱ्यांच्या."

आमच्या बाजूला हा शब्द असा वाटेल तिथं टाकायचा नसतो. मानकरी म्हणजे देवाच्या कार्यात ज्याचा पिढीजात मान आहे तो. बेळगुंदीत पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा. थोरल्या पातीचे मारुतीराव आणि धाकट्या पातीचे जोतिबा. होळीची पहिली पोळी थोरल्यांची आणि पालखीचा पहिला खांदा धाकट्यांचा. या दोन मानांत वरचा कोणता, यावरून पन्नास वर्षं दोन्ही घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा फिरलेला नव्हता. मी कागदावर एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. मारुतीराव एकासमोर बसले.

"पयली सही आमची," ते म्हणाले. "होळीला पयली पोळी कुणाची?"

"पालखीला पयला खांदा कुणाचा?" जोतिबा म्हणाले. "मास्तर, तो आकडा खोडा न्हायतर मी उठतो."

मी आकडे खोडले. मग प्रश्न आला, वर कोण आणि खाली कोण? मी म्हटलं, दोघांनी शेजारी-शेजारी करा. मग उजवीकडे कोण? शेवटी दोघेही उठून गेले. तिसरे मानकरी कुलकर्णी मोठे धूर्त. त्या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मी दौतीत बोरू बुडवणार नाही, असं म्हणून त्यांनी पानाचा डबा बंद केला. पुढचे नऊ दिवस मी या घरून त्या घरी नुसत्या चकरा मारल्या. शाळा जाईल हे दोघांनाही पटत होतं, पण पहिली सही सोडायला कोणी तयार नव्हतं.

दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत नागुबाई देवळात आली. बाई बुटकी, सावळी, पन्नाशीची. कपाळ मोकळं, लुगड्याचा काष्टा घट्ट आणि कमरेला फडक्यात गुंडाळलेला विळा. ती नेहमीच्या चालीनं चालली तर गाव आपल्या कामात असे. तरातरा चालली की बायका ओट्यावर येऊन विचारत, कुणाचं पोट दुखालंय? त्या दिवशी ती सावकाश आली आणि पायरीवर टेकली.

"मास्तर, साळा जानार म्हनं?"

"जाणारच आता," मी चिडून म्हटलं. "तुमच्या मानकऱ्यांना शाळेपेक्षा पोळी मोठी वाटते."

"मी रागवाय न्हाय आलो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. "मी इचाराय आलो. त्यो इंग्रजी सबूद हाय न्हवं, त्येचा अर्थ तुमच्या बुकात काय लिवलाय?"

मला वाटलं, हिला काय करायचंय? पण बोलायला तेवढंच कोणीतरी मिळालं होतं. मी डिक्शनरी काढली, पान उघडलं आणि वाचता वाचता माझाच चेहरा उतरला. तिथं खुर्चीचं नाव नव्हतं आणि पिढीजात मानाचंही नव्हतं. मी तिला मराठीत सांगितलं, "आपल्या कामामुळे, गुणामुळे जो इतरांपेक्षा उंच उठून दिसतो, ज्याचं नाव लोक जाणतात, तो."

"वाडवडलांचं न्हाय चालत?"

"इथं तसं लिहिलेलं नाही."

"मग तुमी मानकरी कशापायी म्हनालासा?"

बावीस वर्षांच्या मास्तराला एका निरक्षर बाईनं वर्गात उभं करावं तसं झालं. ती मात्र तिथं थांबली नाही.

"आनि लोक जानत्यात म्हंजे कुठले लोक? आपल्या गावातले का भाइरचे?"

मी बोर्डाचा कागद पुन्हा वाचला. 'गावाच्या सीमेपलीकडे नाव असलेले' असे शब्द त्यात स्पष्ट होते. मी ते दहा दिवसांत एकदाही नीट वाचले नव्हते.

"बाहेरचे," मी म्हटलं.

"मग सोपं हाय की. आण्णाप्पा लोहाराची सही घ्या. निपाणीचे तमाखूवाले कोयतं करून घ्यायला गाडी जुंपून त्येच्याकडं येत्यात. दुसरा भावकू. कंग्राळीपास्नं खानापूरपतुर कुनाची बी हीर काढायची असंल तर पानी बघाय भावकूलाच नेत्यात. मारुती पाटलाला कंग्राळीत कोन वळखतं?"

"आणि तिसरा?"

ती बोटं मोजत बसली. तिला खरंच तिसरं नाव सुचत नव्हतं. मी दोघांना बोलावणं धाडलं. आण्णाप्पा भाता सोडून तसाच काळ्या हातांनी आला, भावकू शेतातून आला. सगळं ऐकल्यावर आण्णाप्पा हसायला लागला.

"तिसरं तूच की गं आक्का."

"गप रं," ती म्हणाली. "सुईणीचं नाव कागदावर कोन घालतंय?"

भावकू म्हणाला, "मी पानी बघाय जातो तितं पयला सवाल काय असतोय ठावं हाय? बेळगुंदीची नागुबाई कशी हाय, ह्यो."

मी अर्ज लिहायला बसलो. आण्णाप्पाच्या नावाआधी 'एमिनंट' लिहिलं, भावकूच्या नावाआधी लिहिलं. तिच्या नावाआधी टाक थांबला. डिक्शनरीत उदाहरणं दिली होती ती न्यायाधीशाची, बिशपाची आणि शस्त्रवैद्याची. साहेब हा कागद वाचून टेबलावर हात आपटत हसणार, आणि हसणार ते मला, असं मला दिसायला लागलं. शाळेची काळजी राहिली बाजूला, माझ्या इंग्रजीची मला पडली. लोहार आणि पाणाड्या निदान पुरुष तरी होते. बाळंतपणं करणाऱ्या विधवेला एमिनंट म्हणायचं म्हणजे कहर, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, आता लपवून काय करू?

"मास्तर, शाई सपली काय?" आण्णाप्पानं विचारलं.

मी लिहिलं. खाली मान घालून लिहिलं.

मग सह्यांचा प्रश्न आला. तिघांनाही अक्षर येत नव्हतं. अशा माणसानं कागदावर आपल्या कामाचं हत्यार काढायचं आणि लिहिणाऱ्यानं शेजारी 'निशाणी' म्हणून नाव घालायचं, ही जुनी वहिवाट. शेतकरी नांगर काढतो. आण्णाप्पानं घण काढला, तोही इतका रुबाबदार की अर्जाची एक ओळ त्याखाली गेली. भावकूनं पाणी बघायचं बेचकं काढलं. बायकांची निशाणी बांगडी. मी नागुबाईच्या सोयीसाठी एक गोल काढायला घेतला तर तिनं माझा हात धरला.

"मालक गेला त्या दिशी बांगडी फुटली. आता कागदावर कशाला भरता मास्तर?"

तिनं टाक मुठीत धरला, जीभ दातांत धरली आणि विळा काढला. त्या विळ्यानं तिनं निम्म्या गावाची नाळ कापली होती. मी शेजारी लिहिलं, 'नागुबाई, निशाणी विळा.'

अर्ज गेला आणि गावात खसखस पिकली. मारुतीराव चावडीवर म्हणाले, "आता होळीची पयली पोळी सुईणीला द्या." पोरं तिला 'एमिनंट आक्का' म्हणून हाका मारायला लागली. ती उलट ओरडायची, "तुज्या आईला इचार मी कोन हाय ते." मी मात्र कोपऱ्यात बसून नोकरी कधी जाते याची वाट बघत होतो.

तीन आठवड्यांनी निरोप आला. शाळाखात्याचे दिपोटी साहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, स्वतः येणार होते. कागदावर शेरा होता: 'सदर सुईण कोणत्या अर्थाने एमिनंट आहे याची समक्ष चौकशी व्हावी.' ते वाचून मला दोन दिवस भाकरी गिळवली नाही.

चैत्रातली सकाळ होती. ओवरी सारवलेली, मुलं धुतलेल्या कपड्यांत, दोन्ही पाटील देवळाच्या दोन टोकांना पागोटी घालून उभे. बेळगावाहून टांगा आला. दिपोटी साहेब धारवाडकडचे. उंच, कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात काळा कोट, आणि काखेत कोंबडी.

मी खोटं सांगत नाही. तिचे पाय सुतळीनं बांधलेले होते आणि ती साहेबांच्या कोटाकडे रोखून बघत होती. ज्या माणसाच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी अंडं फोडलं नसेल, त्यानं ती कोंबडी दोन बोटांनी माझ्यापुढे धरली.

"मास्तर, आधी ही घ्या. नागुबाई कोण?"

टांग्यातून मग आणखी सामान उतरलं. एक भोपळा, वरईची पुरचुंडी, दोन नारळ, बाळाचं टोपडं. टांगेवाला हसून बेजार झाला होता. झालं होतं असं की साहेब चौकशी करायला निघालेले, म्हणून त्यांनी वाटेपासूनच चौकशी सुरू केली. बेनकनहळ्ळीत टांगा थांबवून त्यांनी लोकांना विचारलं, बेळगुंदीत नावाजलेलं माणूस कोण? त्यांना वाटलं, पाटलांचं नाव येईल. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी नागुबाईकडं निघालाय व्हय?" आणि घरात जाऊन भोपळा घेऊन आला. पुढच्या वस्तीवर एक बाई कडेवर मूल घेऊन धावत आली नि टोपडं देऊन गेली. कोंबडी तर टांगा चालता असताना आत आली.

"पाटलांचं नाव मी तीन ठिकाणी विचारलं," साहेब म्हणाले. "एकानं विचारलं, कुठला पाटील?"

दोन्ही पाटील आपापल्या टोकाला पागोटं सारखं करायला लागले.

मला वाटलं, जिंकलो. पण साहेब कडक माणूस होता. खुर्चीवर बसला, चष्मा लावला आणि नागुबाईला समोर उभं केलं.

"किती बाळंतपणं केलीत?"

"मोजलं न्हाय सायेब."

"तुमच्या हातून कोणी दगावलं?"

एक 'न्हाय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. गावातलं कोणी उलटं बोललं नसतं. नागुबाईनं देवाकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "चौघी. तिघींचं देवाच्या हातात हुतं. एक माज्या हातानं गेली. ती माजी लेक."

ती सांगत राहिली, आवाज न चढवता. लेकीला मालू झाली त्याच्या चौथ्या दिवशी ताप चढला. जावयानं शहरातून दोन बाटल्या आणल्या. एक पोटात घ्यायची, दुसरी पाण्यात घालून अंग धुवायची. कोणती कुठली ते तो वाटेत विसरला.

"दोनीवर कागुद चिकटवल्याला हुता सायेब. शाईनं सगळं लिवलं हुतं. कुलकर्णी गावाला गेलता, साळा तवा न्हवती. अख्ख्या गावात त्यो कागुद वाचनारं एक मानूस न्हवतं. पोरीचा ताप तर वाढालता. मी एक बाटली उचलली. माज्याच हातानं पाजली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हनून म्हनतो, त्यो सबूद माज्या नावाम्होरं बसत नसंल तर खोडा. आत्ता खोडा, मला कायबी वाटनार न्हाय. साळा तेवढी खोडू नका."

मला तिथं रडू आलं, सगळ्या मुलांसमोर. मारुतीराव पागोटं काढून हातात धरून उभे होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि कागद पुढ्यात घेतला. शब्द त्यांनी खोडला नाही. मग खाकरून म्हणाले, "मास्तर, मुली किती?"

"चार."

"चारच मुली असतील तर बोर्ड मला विचारणार, त्यांनी ओढा ओलांडून का जाऊ नये? मृगाच्या आत पंधरा करा. पंधरा नावांची यादी पाठवा. मी इमारतीची शिफारस करतो. एक कमी भरली तर करणार नाही."

जाताना ते नागुबाईला वाकून नमस्कार करून गेले. ते टांग्यात बसल्यावर तिनं त्यांच्या हातात एक नारळ परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं दुपारी गावात फिरायला लागलो. ती पुढे, मी यादी घेऊन मागे. मुलीला शाळेत घालायचं म्हटलं की लोक शंभर कारणं काढत. शेण कोण काढणार, धाकट्याला कोण सांभाळणार, शिकून काय मामलेदार व्हायचंय? मी समजावत बसायचो आणि कोणी ऐकायचं नाही. नागुबाई समजावत नव्हती. ती उंबऱ्यावर बसायची, पोरीला हाक मारायची, तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "हिला मी या जगात आनलीया. निम्मी माजी हाय. माजी निम्मी मी साळंत घालनार. तुमच्या निम्मीनं शेन काढा." लोक हसायचे, आणि हसता हसता माणूस नाही म्हणायचं विसरतो. सहा दिवसांत चौदा नावं झाली.

पंधरावं होईना. धाकट्या पातीत त्या वयाची मुलगी नव्हती. राहिलं थोरल्या पातीचं घर. मारुतीरावांची नात शेवंता सात वर्षांची होती, पण ते घर मी मुद्दाम टाळत आलो होतो. सातव्या दिवशी गेलो. मारुतीराव सोप्यात घोंगड्यावर बसले होते. चौकशीच्या दिवसापासून ते नागुबाईशी आदरानं बोलत, पण हट्ट सुटला नव्हता.

"आक्का, दुसरं काय बी माग. पाटलाची पोर समद्या गावच्या पोरींत जाऊन बसनार न्हाय. घरान्याचा मान हाय."

नागुबाई उठायला लागली, मीही यादीची घडी घातली. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला.

"मास्तर, लिवा. शेवंता."

ती मारुतीरावांची सून, राजाबाई. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि सासऱ्यासमोर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती दारात आली. पदर डोळ्यांपर्यंत होता, पण बोलणं स्वच्छ होतं.

"ही पायाकडनं आलती, मामंजी. दोन दिस मी वरडत हुतो. आक्का माज्या उशाशी बसून हुत्या, जेवल्या न्हाईत. तवा घरात कुनी मान काढला न्हवता. समदे म्हनत हुते, आक्का, कायबी कर."

मारुतीरावांचा चेहरा लाल झाला. आता हे सुनेवर ओरडणार असं मला वाटलं. त्यांनी तोंडातली तंबाखू अंगणात जाऊन थुंकली, परत येऊन बसले, आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "वय किती लिवालाय?"

"सात," मी म्हटलं आणि लिहून टाकलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. यादी गेली, शिफारस झाली, ओढ्याच्या अलीकडे तीन खोल्यांची शाळा उभी राहिली. पलीकडच्या गावावर अन्याय झाला असं काहींना वाटेल, म्हणून सांगतो, सहा वर्षांनी त्यांनाही मिळाली. मालू बेळगावात जाऊन नर्स झाली. नागुबाई एकतीस साली गेली, तेव्हा दिवसभरात किती गावांतून माणसं आली ते मी मोजू शकलो नाही.

पण आठवते ती शेवटच्या नावाची दुपार. पाटलांच्या घरातून बाहेर पडून आम्ही पिंपळाच्या कट्ट्यावर बसलो. नागुबाई थकली होती.

"पंधरा झाल्या न्हवं मास्तर? वाचा बघू."

मी अकारविल्हे यादी मांडली होती, ती वाचायला लागलो. प्रत्येक नावाला ती काही ना काही म्हणत गेली. "अनशी. ही आमुशाची." "काशी. हिच्या गळ्याला नाळंचा येढा हुता, निळी पडलीती." "गंगू. ही लई वरडली, आजून बी वरडती." "भागू. हिच्या आईच्या येळंला आजीला बी मीच सोडवलीती." असं करत आम्ही हसत होतो, आणि माझ्या मनात येत होतं, या बाईच्या नावापाशी आपला टाक थांबला होता.

मग मी वाचलं, "मालू."

नागुबाईनं माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं, जिथं ते नाव असेल असं तिला वाटलं तिथं, आणि तसंच ठेवलं.

"हे तिलाच वाचाय यील आता," ती म्हणाली. "म्होरलं वाचा."

मी वाचलं, "शेवंता."